धाकटीच्या वाटणीचं तूप

सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी आज धाकट्या सुनेचं ताट ओलांडून थोरलीकडे आली. एरवी धाकटीची पुरणपोळी तुपात पोहायची आणि थोरलीच्या वाट्याला चमचा झटकून पडलेले चार थेंब यायचे.

पंधरवड्यापूर्वी धाकटीचं पित्ताशय काढलं, तेव्हापासून तिचाच दरबार भरत होता. खड्यांची बाटली खुळखुळवून ती पाहुण्यांना सांगायची, "डॉक्टर म्हणाले, ही पिशवी पित्त साठवते. तूपकट खाल्लं की आवळते. आत खडे असले की उजव्या बरगडीखालून कळ निघते, ती थेट पाठीत."

"मेल्या खड्यांचंसुद्धा कौतुक," थोरली स्वयंपाकघरात पुटपुटायची.

आज धाकटीपुढे नुसता मऊ भात होता. "तिच्या वाटणीचंही तूच घे गं," म्हणत सासूबाईंनी धार धरली. धाकटी भात चिवडत त्या धारेकडे बघू लागली. थोरलीने ते पाहिलं आणि मुद्दाम सावकाश, बोटं चाटत पोळी संपवली.

दुसरी निम्मी झाली तोच उजव्या बरगडीखालून कळ निघाली, ती थेट पाठीत गेली.

"आणखी वाढू?" सासूबाईंनी विचारलं.

धाकटी बघत होती. थोरलीने कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि ताट पुढे केलं.

"वाढा आई. आणि तुपाला हात आखडू नका."