बारा दरवाजे, एक चेहरा

"अकरा झाले. एक राहिला," उस्ताद तिलोकराय म्हणाले आणि त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला. खारीच्या केसांचा तो कुंचला हल्ली त्यांना मुसळाएवढा जड वाटायचा.

दारोगा हैबत बेग समोर ठाण मांडून बसला होता. बंडखोर शाहजादा नेकबख्त आग्र्यात लपल्याची खबर होती. शहराच्या बाराही दरवाज्यांवर त्याची तसबीर लागायची होती. सापडला की दुसऱ्या दिवशी त्याचं शिर जाणार होतं.

"चेहरा चुकला, तर तुमचा हात जाईल," दारोगाने तिसऱ्यांदा बजावलं.

"म्हातारा झालोय, दारोगासाहेब. बहिरा नाही."

शाहजादा वाढला दूर बंगालात. दरबाराने त्याला पाहिलं ते चित्रातच. तो सहा वर्षांचा असल्यापासून उस्ताद दरसाल तिकडे जाऊन त्याचा चेहरा काढून आणत. नेहमी डाव्या बाजूने, एकच डोळा दिसेल असा. दरबारी रीतच ती. पोरगं दरवेळी चित्र बघून कुरकुरायचं, "उस्ताद, नाक लांब काढलंत!"

उस्तादांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. आणि आता हे काम नशिबी आलं होतं. दारोगा प्रत्येक तसबीर जुन्या चित्राशी ताडून बघत होता. लबाडीला जागाच नव्हती. सगळं एकदाचं संपावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

कोपऱ्यात एक माणूस मान खाली घालून रंग खलत होता. दाराकडचा त्याचा उजवा गाल भाजून पार आक्रसला होता.

"हा मुका कधी ठेवलात?" दारोगाने विचारलं.

"महिना झाला. रंग बारीक खलतो."

"याची तसबीर लावली असती, तर पहारेकरी ताट सोडून पळाले असते!"

"हसू नका त्याला," उस्ताद एकदम चिडून म्हणाले. "लहानपणी आतषबाजीत भाजलाय बिचारा."

बारावा चेहरा झाला. दारोगाने तो जुन्या चित्राशेजारी धरला. "हुबेहूब! आता पोहोचवायला हवेत. माझी माणसं तर झडतीला गेलीत. या मुक्यालाच पाठवा."

"पाठवतो. पण नदीकडच्या दरवाज्याची चौकी वेशीबाहेर आहे. त्याला सोडतील का?"

"हा घ्या माझा परवाना. हे तोंड बघून कोण अडवतोय?"

शिक्का उमटला. दारोगा जिना उतरून गेला.

त्या माणसाने परवाना कमरेला खोचला आणि गठ्ठ्यातली वरची तसबीर उचलून उजेडात धरली. उस्तादांना हुंदका आवरेना.

"जपून जा," ते कसेबसे म्हणाले.

तो हसला. "उस्ताद, यंदाही नाक लांबच काढलंत."