एकाच रंगाच्या दोन बाटल्या

"खरं सांग, प्रीमियमच्या टाकीत साधं पेट्रोल उतरवलंस का?"

धाकट्या भावाने चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

"ताई, टँकर येतो, टाकीत रिकामा होतो. मी काय आत उतरून बघतो?"

"हे उत्तर नाही."

"माझ्याकडे दुसरं नाही." त्याने पंचनाम्याची प्रत तिच्यापुढे ठेवली. नमुना क्रमांक ४१७. "तीन गाडीवाल्यांनी तक्रार केली. आपल्याकडचं प्रीमियम भरलं की चढावर इंजिन खडखडतं म्हणे. उद्या तुमच्याच प्रयोगशाळेत तपासणी आहे. नापास झालं की त्याच दिवशी पंपाला कुलूप."

"टाकीत काही नसेल, तर घाबरतोस कशाला?"

पंखा चालू होता, तरी त्याने बाहीने कपाळ पुसलं.

आतून आई म्हणाली, "अगं, आधी त्याला काही खायला दे. उलटतपासणी मग कर."

त्याने खाल्लं नाही. पंपावर त्याचा संसार चालत होता, आईची औषधंही. परवाना एकदा गेला की परत मिळत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. तो जिना उतरला तेव्हा ती खिडकीतून बघत राहिली. त्याची ही मान खाली घालून चालायची तऱ्हा तिच्या ओळखीची होती. चौथीत प्रगतिपुस्तकावर एकाचा नऊ केला होता, तेव्हाही तो असाच चालत होता. बाबांचा मार तिने खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीमियमचे दोन डबे आले, ४०२ आणि ४१७. कोणता नमुना कोणत्या पंपाचा, ते पाकिटात बंद असायचं. पाकीट निकालानंतरच फुटायचं. एकोणीस वर्षांत तिने कधी आधी चौकशी केली नव्हती. मोजल्याशिवाय बाई बोलत नाहीत, असं प्रयोगशाळेत म्हणायचे.

साहेबांसमोर तिने सील तोडलं. पेट्रोल काचेच्या दोन बाटल्यांत ओतलं, बाटल्यांच्या गळ्यात दोऱ्याने क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि त्या बर्फात ठेवल्या. चाचणीआधी नमुना गार लागतो. साहेब चाचणीचं इंजिन तापवायला पलीकडच्या खोलीत गेले.

दोन्ही बाटल्यांत एकच फिकट रंग होता. वास तोच. घनतेतही जेमतेम फरक. साधं आणि प्रीमियम यांतला फरक एकटं ते इंजिन सांगतं. ते पेट्रोलची वाफ दाबत नेतं. चांगलं पेट्रोल दाब सोसतं. हलकं असेल तर अवेळी पेटतं आणि डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. प्रत्येक फेरीची नोंद यंत्र स्वतःच करतं. आधी गुपचूप बघून घ्यायची सोय नव्हती.

दाराकडे एकदा बघून तिने दोन्ही गाठी सोडल्या. बोटं बर्फाने बधिर झाली होती, दोरा सापडेना. ४०२ कुणाचा पंप, तिला माहीत नव्हतं. त्या माणसालाही घर असणार. हा विचार तिने तिथेच थांबवला. भावाच्या बाटलीला तिने ४०२ बांधलं, परक्याच्या बाटलीला ४१७.

"झालं का बाई?" साहेब दारात होते.

"झालं."

"काल मेव्हण्याने गाडीत प्रीमियम भरलं. बारा वर्षांची गाडी. पुस्तिकेत साफ लिहिलंय, साधं पुरे. पण नाही, महाग ते चांगलं." साहेबांनी ४०२ ची बाटली उचलली. "गाढवाला गुळाची चव काय."

ती हसली.

साहेबांनी पेट्रोल भांड्यात ओतलं. इंजिनाने सूर धरला. दाब वाढत गेला. ती खड्यांच्या आवाजाची वाट बघत होती. एक मिनिट गेलं. तीन गेली. इंजिन गुळगुळीत फिरत राहिलं.

"ऑक्टेन पंच्याण्णव," साहेब म्हणाले. "अस्सल प्रीमियम. चारशे दोन पास."

तिने टेबलाची कड धरली. त्याने काही केलं नव्हतं. खडखडत असतील ती त्या गाडीवाल्यांची जुनी इंजिनं. टाकीत पेट्रोल चोख होतं आणि तरी तो घाबरला होता, कारण कुलूप लागण्याची भीती चोख माणसालाही वाटते. तिला त्याला तेव्हाच्या तेव्हा फोन करावासा वाटला.

मग तिची नजर बर्फातल्या, भावाचा क्रमांक बांधलेल्या दुसऱ्या बाटलीवर गेली.

शंभरातले पाच नमुने नापास होतात. पंच्याण्णव होत नाहीत. हा आकडा तिने मनात दोनदा म्हटला.

"साहेब, दुसरी चाचणी दुपारी करू या का?"

"का हो? इंजिन तापलंय. गार झालं तर पुन्हा तासभर बसा."

"मग मी एकदा चिठ्ठ्या तपासून बघते."

"तुम्ही बांधलेल्या चिठ्ठ्या?" साहेबांनी बाटली उचललीसुद्धा. "तुमची चूक शोधायची तर मला दुसरा जन्म घ्यावा लागेल."

पेट्रोल भांड्यात उतरलं. साहेबांनी दाब वाढवला. सूर लागला, स्थिर झाला. तिने श्वास सोडला.

आणि आत कुठेतरी एक खडा वाजला. मग दुसरा. मग सगळा डबा हलू लागला.

साहेबांनी इंजिन बंद केलं आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"चारशे सतरा," ते म्हणाले. "पाकीट फोडा आणि कुलूप घेऊन निघा."