शंभर फूट दोर

मुल्लानपूरच्या नव्या ऑफिस टॉवरला हरित इमारतीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर सही लीनाची होती. पावसाचं पाणी जमिनीत जिरवणारी शंभर फुटी विहीर तिने फक्त फोटोत पाहिली होती. फोटो तिचे वरिष्ठ असलेल्या विश्वाससरांनी पाठवलेला. मग दोर सोडून मोजायचं कशाला?

आज भर दुपारी तिने पार्किंगमधलं झाकण उघडलं आणि ओळंबा बांधलेला दोर खाली सोडला. दोन फुटांवरच तो टेकला. खाली गुळगुळीत सिमेंट उन्हात चमकत होतं.

“सर, तुम्ही मला फसवलंत?”

“अगं, खोदली होती, पक्की शंभर फूट,” मागे उभे असलेले विश्वाससर शांतपणे म्हणाले. “नंतर घाईघाईने बुजवावी लागली. कागदावर आहे ना, मग झालं!”

इतक्यात दोर तिच्या हातातून सरकू लागला. सिमेंटला ना तडा होता, ना भोक. दोर मात्र त्यातून सरळ खाली चालला होता. तिचे तळहात सोलून निघाले. शेवटचं टोक तिने कसंबसं मुठीत धरलं, तेव्हा कुठे तो थांबला.

मग खालून दोन हिसके बसले.

विहीर खोदणाऱ्याला वर यायचं असलं की तो असेच दोन हिसके देतो. हिसके आले की हातातलं काम टाकून आधी दोर ओढायचा, हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी विश्वाससरांनीच तिला शिकवलं होतं.

पुन्हा दोन हिसके.

तिने वळून पाहिलं. सरांनी झाकण उचललं होतं.

“सोड तो दोर, लीना,” ते म्हणाले. “तो रोजच ओढतो.”