पहिल्या नंबराचं दार

गाळेवाडीच्या आरोग्य केंद्राचं दार भलतंच हुशार होतं. पेशंटचा श्वास हुंगूनच ते ओळखायचं, हा बरा होणार की केंद्राचे गुण घालवणार. कळांनी कळवळणाऱ्या मंदाला हुंगून ते गोड आवाजात म्हणालं, "बाळ आडवं आहे, काकू. हिला आत घेतलं तर जिल्ह्यातला आमचा पहिला नंबर जाईल."

"मेल्या, नंबर कशाचा, माणसं हाकलण्याचा?" मंदाची सासू अनसाबाई कडाडली आणि तिने दाराला लाथ हाणली.

आतल्या खरात सिस्टरांचंही दार ऐकेना, तेव्हा त्या खिडकीतून उडी मारून बाहेर आल्या. "अनसाबाई, लुगड्याचा आडोसा धरा!" म्हणत त्यांनी पायरीवरच बाळ फिरवलं आणि मंदाला सोडवलं.

बाळाने टाहो फोडला, तसं दार सताड उघडलं. "अभिनंदन! सुखरूप बाळंतपण, केंद्राच्या नावावर एक!"

अनसाबाईच्या मस्तकाची शीर उठली. तिने पिशवीतल्या भाकरीचा तुकडा मोडला, मायलेकरांवरून ओवाळला आणि दाराच्या लुकलुकत्या डोळ्यावर फेकून मारला.

"तुझ्या नावावर? लावायचंच तर या पायरीच्या नावावर लाव," ती म्हणाली. "तिने आम्हाला हाकललं नाही."