सरका की जरा

विजेच्या शेकोट्या दुरुस्त करणं म्हणजे मिस्त्रींच्या हातचा मळ. "दिव्यांचा खोटा जाळ छान दिसतो, पण ऊब म्हणून येत नाही," असं आजी म्हणाल्या, तेव्हा ते निवांत खाली बसले. "कॉइल गेली असेल आजी. आत्ता घाम फोडतो तुम्हाला."

प्लग काढून त्यांनी मागचं झाकण उघडलं. कॉइल खरंच तुटली होती. ती बदलली, पंख्याची कुरकुरणारी मोटरही बदलली आणि बटण दाबलं. कॉइल लालबुंद झाली. जाळीपाशी हात धरला तर चटका बसला.

"झालं काम," मिस्त्री म्हणाले.

"मला तर गारच लागतंय," समोरच्या खुर्चीतून आजी म्हणाल्या.

मिस्त्रींनी हात हळूहळू मागे घेतला. वीतभर हवा कढत होती, आणि तिथून पुढे एकदम थंडगार. डावीकडे ऊब होती, उजवीकडे होती, वरही होती. फक्त मधोमध, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी जागा गार होती.

असल्या गोष्टींनी गडबडणारा हा माणूस नव्हता. पंख्याचं पातं वाकडं बसलं असणार, असं ठरवून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, आणि आजींना हसवायला म्हणून त्या रिकाम्या जागेला म्हणाले, "अहो, एकटेच काय शेकत बसलात? सरका की जरा."

ऊब थेट त्यांच्या तोंडावर आली. मागून आजींनी समाधानाचा सुस्कारा टाकला.

आणि मिस्त्रींचा डावा खांदा, शेजारी कुणी टेकून बसावं तसा, हळूहळू गार पडू लागला.