धाकटीच्या गोळ्या

दोघी बहिणी शिवणकाम करायच्या आणि दोघींची बोटं सांधेदुखीनं आखडत चालली होती. त्यांचे डॉक्टर नव्या औषधाची चाचणी घेत होते. म्हणाले, "निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. कुणाला काय, ते मलाही शेवटीच कळणार."

दोघींनी त्यात नावं दिली. गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्याभरात थोरली सुईत दोरा ओवायला लागली. धाकटीची बोटं मात्र होती तशीच, वर गोळी घेतली की मळमळ.

"ताई, मला साखरच दिलीय बघ," धाकटी म्हणाली. "चहात टाकून बघू का?"

थोरलीला वाटलं, खरं औषध आपण गिळतोय आणि ही बिचारी हसण्यावारी नेतेय! तेव्हापासून दर महिन्याला बाटल्या घरी आल्या की ती गुपचूप आतल्या गोळ्यांची अदलाबदल करायची. धाकटीची मळमळ थांबली. थोरलीला सुरू झाली. पण एवढा मोठा त्याग पचायला जरा जडच जाणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

वर्षानं डॉक्टरांनी निकाल सांगितला. खरं औषध धाकटीच्या नावाचं होतं, साखर थोरलीच्या.

तोवर धाकटीची बोटं कायमची वाकडी झाली होती. त्याच बोटांनी तिनं थोरलीचा मोकळा, सरळ हात कौतुकानं कुरवाळला. थोरलीची मान काही वर होईना.


"कमाल आहे गं ताई तुझी! नुसत्या साखरेवर बरी झालीस!"