तात्पुरता

चेंडू सापडू नये, एवढंच इश्बेल मनाशी घोकत होती. आणि शोधत मात्र होती सगळ्यांत जास्त. काठीने काटे बाजूला सारत, वाकून वाकून.

शोधायला नियमाने तीन मिनिटं. त्यातलं दीड संपलं होतं. गोल्फच्या मैदानातला सतरावा होल, समुद्रावरून आडवा येणारा फाइफच्या किनाऱ्यावरचा वारा, आणि उजव्या हाताला पिवळ्या फुलांनी लगडलेली काटेरी झुडपं. या झुडपांनी गावातल्या तीन पिढ्यांचे चेंडू गिळले होते आणि साधा ढेकर दिला नव्हता.

"निळा ठिपका ना गं तुझ्या चेंडूवर?" रोनाने विचारलं. रोना बावीस वर्षांची, आजची तिची जोडीदार आणि प्रतिस्पर्धीही. स्वतःचे हात ओरबाडून घेत ती दुसरीचा चेंडू शोधत होती.

"दोन ठिपके," इश्बेल म्हणाली.

पलीकडे तिचे बाबा झुडपात कमरेपर्यंत शिरले होते. हेक्टर ड्रायबरा, वय चौऱ्याहत्तर. एकोणीस वर्षं लेकीची बॅग त्यांच्याच खांद्यावर.

घोटाळा फक्त इश्बेलला ठाऊक होता. वाऱ्याने पहिला चेंडू झुडपात नेला, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. असं झालं की पुन्हा मागे यायला नको म्हणून तिथूनच दुसरा चेंडू मारून ठेवतात. पण मारण्याआधी 'तात्पुरता' असं कुणाला तरी ऐकू जाईल असं म्हणावं लागतं. म्हटलं, तर पहिला सापडल्यावर दुसरा खिशात जातो. नाही म्हटलं, तर दुसराच खरा. पहिला मग सापडला काय नि न सापडला काय, दोन फटके गेलेच. स्कॉटलंडात शाळकरी पोरंही हा शब्द विसरत नाहीत.

इश्बेल बाबांपुढे हात पसरून एवढंच म्हणाली होती, "द्या आणखी एक."

बाबांनी दिला. त्यांना हात दिसला, तेवढं पुरलं. वाऱ्यात कानातलं ऐकायचं यंत्र शीळ घालतं म्हणून खेळाच्या दिवशी ते बॅगेच्या छोट्या कप्प्यात जायचं. गेली चार वर्षं मैदानावर बापलेकीचं सगळं हातवाऱ्यांवरच चालायचं.

दोन फटके. संध्याकाळी पहिल्या वीस जणींना पुढच्या वर्षभर खेळायचा परवाना मिळणार होता. फलकावर इश्बेल विसावी होती. एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा कुणी आशा लावून बसत नाही. परवाना नाही मिळाला तर सोमवारपासून किनाऱ्यावरच्या हॉटेलात पाहुण्यांना काठी धरायला शिकवायची, असं तिने तिथल्या बाईंना कबूलही करून ठेवलं होतं. "तात्पुरतं हं," असं बजावून. तिथे तो शब्द बरोबर आठवला होता.

चेंडू नाहीच सापडला, तर दोन फटके निमूट जातील. कुणी काही विचारणार नाही. हरायची तिला सवय होती. भीती होती ती कुणी विचारेल याची.

"मिळाला!"

बाबा ओरडले. कमी ऐकू येणारी माणसं ओरडतात तसे, अख्ख्या किनाऱ्याला कळेल असे. "इश, ये, बघ तरी! कोंबडीने अंडं घालून जावं तसा बसलाय. दोन्ही ठिपके वर! इथून सात नंबरची काठी, की पोचला झेंड्याशी."

दोन झुडपांच्या मधोमध, वीतभर मोकळ्या गवतावर चेंडू होता. कुणी हाताने ठेवल्यासारखा.

रोना धावत आली. आधी हसली, मग तिची पावलं मंदावली.

"इश्बेल, राग मानू नकोस. तुझे फटके मी लिहितेय म्हणून विचारते. मी लांब उभी होते, वाऱ्यात काही कळलं नाही. दुसरा मारताना तू म्हणालीस ना, तात्पुरता?"

उत्तर एका शब्दाचं होतं. हो.

बाबांनी रोनाच्या ओठांकडे पाहिलं. मग लेकीच्या तोंडाकडे.

"म्हणाली की!" ते म्हणाले. "मला म्हणाली. चांगलं स्पष्ट ऐकलं मी."

हे बोलताना ते चेंडूकडे बघत होते.

"मग काय, मिटलंच," रोना म्हणाली. तिने खरोखर सुटल्यासारखा श्वास सोडला. "नशीब काढलंस बाई. मार आता."

बाबांनी सात नंबरची काठी काढली. तिची मूठ टॉवेलने पुसली, पुन्हा पुसली आणि लेकीपुढे धरली. एकोणीस वर्षांत ते तिच्यासमोर कधी खोटं बोलले नव्हते. 'छान मारलास' एवढं सोडलं, तर.

इश्बेलने काठी घेतली नाही. ती बॅगेपाशी उकिडवी बसली. छोटा कप्पा उघडला. पेन्सिली, अर्धं खाल्लेलं ओटचं बिस्किट, आणि त्याखाली वालाच्या दाण्याएवढं ते यंत्र. फुंकर मारून तिने त्यावरची वाळू उडवली आणि बाबांच्या तळहातावर ठेवलं.

रोनाने यंत्राकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. आणि मग समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

"घाला कानात, बाबा."

बाबांनी मूठ मिटली. "वारा फार आहे, पोरी," ते हळूच म्हणाले. "काही ऐकू यायचं नाही."

"मोठ्याने सांगते," इश्बेल म्हणाली.